तळहाताएवढी जागा

एका राज्यात, राजधानीपासून तीन दिवसांच्या वाटेवर, मोकळ्या माळावर एक महाल उभा होता. राज्य म्हटलं की राजा आला, राजा म्हटला की महाल आला, त्यात नवल ते काय? पण हा महाल एका राजाच्यानं पुरा झाला नव्हता, त्याला तीन लागले. पहिल्यानं मधलं लंबगोल दालन बांधलं आणि त्यावर फुगीर घुमट चढवला. दुसऱ्यानं त्याच्या दोन्ही अंगांना दालनांच्या दोन लांब ओळी जोडल्या, आणि दर्शनी दारापुढे एक सोडून दोन जिने केले. एक डावीकडून वळत चढे, दुसरा उजवीकडून, आणि दोन्ही वर एकाच दाराशी येत. कशासाठी, ते त्यालाच ठाऊक! तिसऱ्यानं खांबांना पीळ घातला, भिंतीभिंतीवर चुन्याची नक्षी काढली, नक्षीत पंख असलेली गुटगुटीत बाळं बसवली, आणि घुमटाच्या पोटात आभाळ रंगवून घेतलं. त्या आभाळात ढग होते, ढगांवर अप्सरा होत्या, आणि एक सूर्य होता तो कधी मावळत नसे.

तिघांचा नेम मात्र एकच. डावीकडे जे, ते उजवीकडे. डावीकडे बारा खिडक्या, उजवीकडे बारा. डावीकडे छत्तीस बाळं, उजवीकडे छत्तीस. उजव्या ओळीच्या शेवटच्या दालनात भिंतीमागून स्वयंपाकघराचं धुराडं जात होतं, तिथं बाराव्या खिडकीला जागाच उरेना. म्हणून काही नेम मोडला नाही. तिथं भिंतीवर खिडकी रंगवली. अर्धी उघडी झडप, झडपेवर ऊन आणि उन्हात बसलेलं पिवळं मांजर. लांबून पाहणाऱ्याला ती खरीच वाटे.

असा हा महाल. आणि त्यात राहत होती एकटी वेणू.

वेणू महालाची राखणदारीण. चौदा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, पदरी मूलबाळ नव्हतं. महालाच्या म्हाताऱ्या राखणदारानं तिला कामाला बोलावलं आणि झाडलोट शिकवली. रुप्याच्या वस्तूला उघडा हात लावायचा नाही, फडक्यानं धरायची. आरसा वरून खाली पुसायचा. गिलाव्याला चीर गेली की त्याच दिवशी चुना भरायचा, त्यासाठी चुन्याची कुंडी कायम मुरत ठेवायची. हे सगळं शिकवून म्हातारा देवाघरी गेला. पुढं एक दिवस त्याचं नाव घ्यायला ती गेली, तर नाव आठवेना. तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली.

कारण महालात एक वर्ष झोपलं की असं होई. पहिल्यांदा आरसेमहालातल्या आरशांत माणूस दिसेनासं होई. मग घुमटाखाली हाक मारली तर हाक परत येत नसे. आणि मग बाहेरचं जग त्या माणसाला विसरे. समोर उभं असेतो बोलत, पाठ फिरली की मनातून पुसलं जाई. तीन राजांची नावं दारावरच्या शिळेत कोरली होती म्हणतात. आता ती शिळा दोन्ही हातांनी चाचपली तरी गुळगुळीत लागे.

माळाच्या उताराला वेणूचं माहेर होतं. तिथं तिची धाकटी बहीण ठकू राहत होती. आई लवकर गेली, तेव्हा ठकूला वेणूनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. महालाला दूध घालायचं काम त्यांच्या घराकडे पणज्यापासूनचं. म्हणून ठकू रोज सकाळी चरवी घेऊन झाडांच्या लांब रांगेतून फाटकाशी येई. रोज वेणू भांडं घेऊन उभी राही. आणि रोज ठकू म्हणे,

"बाई, नव्या दिसता. किती दूध घालू?"

"शेरभर," वेणू म्हणे.

ठकू नीट मापून दूध घाली आणि निघून जाई. विसर पडला त्या पहिल्या वर्षी वेणू रडली, भांडली, लहानपणच्या खुणा सांगितल्या. ठकूच्या डोळ्यांत ओळख येऊ लागे, तोच ती चरवी उचलायला वळे, की संपलं. वेणूनं एकदा महाल सोडून गावात तीन महिने राहूनही पाहिलं. शाप सुटला नाही, फक्त ओळख नसलेल्या लोकांची गर्दी तेवढी वाढली. ती परत आली. निदान महालात कुणी नव्हतंच.

एका सकाळी ठकूच्या हातात अक्षतांची वाटी होती.

"बाई, माझ्या सगुणीचं लग्न आहे दहाव्या दिवशी. परक्या असलात तरी या हो."

"येईन," वेणू म्हणाली. "हळद कोण लावणार पहिली?"

आता त्या मुलखातली रीत अशी, की नवरीला पहिली हळद मावशीनं लावायची. ठकूचा चेहरा उतरला.

"कोण लावणार? मावशी नाही तिला. मला कुणी बहीणच नाही ना, बाई. एकटीच मी."

ती गेली. वेणू भांडं तिथंच ठेवून पायरीवर बसली आणि डोळ्याला पदर लावून हुंदके देऊ लागली. तिला कुणी ऐकत नव्हतं, म्हणून तिनं आवाजही दाबला नाही.

तेवढ्यात वरून कुणी बोललं, "वेणूबाई, पुरे."

दारावरच्या चुन्याच्या बाळाच्या पंखामागे एक साळुंकी घरटं करून राहत होती.

"तुला माझं नाव ठाऊक आहे?" वेणूनं विचारलं.

"मी घरात झोपत नाही, घरावर झोपते. म्हणून माझ्या सगळं ध्यानात राहतं."

"मग चौदा वर्षं बोलली का नाहीस?"

"तू आरशाशी बोलायचीस, भिंतीशी बोलायचीस. माझ्याशी कधी बोललीस? मध्ये तोंड घालायची आमच्यात रीत नाही. आज तू कुणाशीच बोलत नव्हतीस, म्हणून बोलले."

आणि साळुंकीनं तिला महालाची कूळकथा सांगितली. ती अशी.

त्या राज्यात कुणीही घर बांधलं, मग ती झोपडी असो की हवेली, की गवंडी शेवटी भिंतीवर तळहाताएवढी जागा कोरी सोडतो. तिथं ओला चुना भरायचा आणि घरच्या माणसानं त्यात आपला हात उमटवायचा. त्या हातावरून घर आपलं माणूस ओळखतं. तिसऱ्या राजाच्या पदरी कर्दम नावाचा मायावी स्थपती होता. महाल पुरा झाल्यावर त्यानंही अशी जागा सोडली आणि राजाला हात मागितला. राजा म्हणाला, "एका भिंतीवर हात उमटवला, तर समोरच्या भिंतीवर काय उमटवू? माझ्या महालाला डाग नको. बुजव ती जागा." आणि वर बक्षीस म्हणून सोन्याची थापी दिली. कर्दमानं त्याच थापीनं जागा बुजवली आणि म्हणाला, "राजा, ज्या घराला आपलं माणूस माहीत नाही, त्या घरातलं माणूस जगालाही माहीत राहणार नाही." थापी त्यानं कारंज्यामागच्या गुहेत फेकली आणि तो वाऱ्यासारखा निघून गेला. ज्यांनी महाल बांधला त्या तिघांची नावं त्याच दिवशी पुसली गेली.

"उपाय?" वेणूनं विचारलं.

"तीन कामं आहेत. बुजवलेली जागा शोध. ज्या थापीनं ती बुजवली, त्याच थापीनं उघड. आणि ज्याचा हात तिथं हवा, तो आण. चुना वाळायच्या आत हात उमटला नाही, तर ती जागा शंभर वर्षं उघडणार नाही."

वेणूनं पदर खोचला.

पहिलं काम तिला अवघड वाटलं. डावीकडे जे ते उजवीकडे, तर ज्याला जोड नाही अशी जागा शोधायची. दोन दिवस ती एका ओळीतून दुसरीत फिरली. बाळांची बोटं मोजली, खांबांचे पीळ मोजले, घुमटातल्या अप्सरा मान दुखेपर्यंत मोजल्या. सगळं सारखं. दुसऱ्या दिवशी दमून ती रंगवलेल्या खिडकीखाली बसली आणि सवयीनं पाठीमागची भिंत पदरानं पुसली. पुसता पुसता हात थांबला. ही भिंत पावसाळ्यात तळहाताएवढ्या जागी ओल धरी. मागं धुराडं, भिंत खरं तर कोरडी ठणठणीत हवी. तरी दर पावसाळ्यात तिथं पाण्याचे थेंब येत, आणि ती ते चौदा वर्षं पुसत आली होती. डाव्या ओळीत त्याच जागी तिनं कधीच काही पुसलं नव्हतं.

"इतकी वर्षं हे घर रडत होतं, आणि मी नुसती पुसत राहिले," वेणू म्हणाली.

दुसरं काम थापीचं. कारंज्यामागं शिंपले आणि शंख जडवलेली गुहा होती. आत तीन माणसं बसली होती. सोन्याच्या लोभानं आलेले ते तीन चोर. थापी ज्यानं उघड्या हातानं उचलली तो स्वतःलाच विसरला, म्हणून तिघंही तिथंच राहिले. ना भूक, ना तहान, ना वय. एकानं वर पाहिलं.

"बाई, मी कोण?"

वेणूला भडभडून आलं. हा प्रश्न तिच्याही घशाशी कितीदा येऊन गेला होता.

"तू कुणाचा तरी लेक आहेस, बाबा. एवढं धरून बस."

थापी पाण्यात लखलखत होती. वेणूनं कमरेचं फडकं काढलं, थापी त्यात धरली आणि उचलली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, कारण चांगली वस्तू तिनं जन्मात कधी उघड्या हातानं धरली नव्हती. चोर तोंडात बोट घालून पाहत राहिले.

उरलं तिसरं काम. हात कुणाचा? वेणूनं फार विचार केला नाही. महाल राजाचा, तेव्हा हात राजाचा. साळुंकी काही बोलली नाही, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी भाकरी बांधून वेणू राजधानीची वाट चालू लागली आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी पोचली.

राजा सुषेण तरुण होता. गादीवर येऊन त्याला वर्षच झालं होतं. वेणूनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. राजा म्हणाला,

"माझ्या राज्यात असा महाल आहे हेच मला ठाऊक नव्हतं. बाई, मी येतो."

"महाराज, आपण पाठ फिरवलीत की मला विसराल."

"मग तुम्ही पुढं चाला. मी पाठ फिरवणार नाही."

त्याच रात्री पालखी निघाली. तीन दिवसांची वाट. वेणू पालखीपुढं चाले आणि राजा तिच्यावर नजर ठेवून बसे. पण झोप कुणाला चुकली आहे? दर सकाळी राजा उठे, समोर उभ्या बाईला विचारी, "आपण कोण? आणि मी या माळावर काय करतोय?" दर सकाळी वेणू पहिल्यापासून सांगे, आणि दर सकाळी राजा म्हणे, "चला." तिन्ही दिवस त्यानं तेच विचारलं आणि तिन्ही दिवस तेच केलं. राजा मनानं चांगला होता, हे तिला तिथं कळलं.

नवव्या दिवशी दुपार कलताना ती महालाशी पोचली. खाली गावात वाजंत्री वाजत होती. ठकूच्या दारी सगुणीची हळद होती.

वेणूनं फडक्यात धरलेल्या थापीनं भिंतीवर हळूच ठोकलं. पापुद्रा सुटावा तसा गिलावा गळून पडला आणि आत तळहाताएवढी वीट दिसली. तिनं कुंडीतला मुरलेला चुना घेतला, गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घालून मळला, आणि जागा भरली.

"महाराज, हात."

राजानं अंगठी काढली, उजवा हात चुन्यात दाबला आणि काढून घेतला. ठसा क्षणभर दिसला, मग पाणी सपाट व्हावं तसा चुना सपाट झाला. राजानं पुन्हा हात दाबला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं दोन्ही हातांचा जोर लावला. चुना गुळगुळीत राहिला.

"चुना वाळतोय," शेजारच्या खऱ्या खिडकीच्या चौकटीवरून साळुंकी म्हणाली.

सहा दिवसांची पायपीट, हळदीची वाजंत्री, सगळं एकदम वेणूच्या उरावर आलं. "आता मी काय करू?" ती म्हणाली. "महाराज, आता मी कुणाला आणू?"

राजा हात पुसत होता. त्यानं विचारलं, "बाई, या घरात चूल कोण पेटवतं?"

"मी."

"दिवा?"

"मीच."

"ही भिंत पावसाळ्यात कोण पुसतं?"

"मी पुसते, महाराज. पण मी चाकर आहे."

"मी तर आज आलो," राजा म्हणाला, आणि बाजूला सरला.

वेणू आपल्या हाताकडे पाहू लागली. चौदा वर्षं तो हात तिच्याजवळ होता, आणि ती दुसऱ्याचा आणायला राजधानीपर्यंत गेली होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो असा.

तिनं हात उचलला, तशी साळुंकी म्हणाली, "थांब, वेणूबाई. एक ऐक. ज्याचा हात उमटेल त्याचंच हे घर. दुसऱ्या छपराखाली मग तुला झोप लागायची नाही."

वेणूचा हात हवेतच राहिला. चौदा वर्षं तिनं एकच मनोरथ धरला होता. शाप सुटला की हा माळ सोडायचा. ठकूच्या चुलीशी, भिंतीच्या कोपऱ्यात, वाकळ टाकून निजायचं. चारचौघांच्या घोरण्याचा आवाज ऐकत निजायचं. या रिकाम्या दालनांत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. तो कोपरा आता तिच्या हातून जात होता. तिला महालाचा राग आला, तीन राजांचा आला, साळुंकीचाही आला. चुन्याच्या कडा पांढऱ्या पडू लागल्या होत्या.

मग तिला ठकूचं बोलणं आठवलं. मला कुणी बहीणच नाही. एकटीच मी.

"लागेल तिथं झोपेन," वेणू म्हणाली, आणि तिनं हात चुन्यात दाबला.

हात काढला तेव्हा भिंतीवर पाच बोटं होती, करंगळी थोडी वाकडी, अगदी तिचीच. ठसा बुजला नाही.

आणि मग जे व्हायचं ते झालं. दारावरच्या शिळेत तीन राजांची नावं उमटली, कुणी नुकती कोरावी तशी. गुहेतले तीन चोर उठले, एकमेकांना रामराम करून आपापल्या आईकडे निघाले. रंगवलेल्या खिडकीतलं पिवळं मांजर आळस देऊन खाली उतरलं आणि स्वयंपाकघराकडे गेलं. "गणोजी!" वेणू ओरडली. "म्हाताऱ्याचं नाव गणोजी!" आणि घुमटातून आवाज आला, गणोजी, गणोजी. समोरच्या आरसेमहालात एक पिकल्या केसांची बाई तिच्याकडे पाहत होती. वेणूला ती ओळखायला वेळ लागला. शेवटचं पाहिलं तेव्हा तिचे केस काळे होते.

खाली गावात वाजंत्री मध्येच थांबली. ठकूनं हळदीची वाटी हातात घेतली होती, पहिलं बोट बुडवलं होतं, आणि ती तशीच उभी राहिली. मग वाटीसकट धावत सुटली. झाडांच्या रांगेतून, कारंज्याला वळसा घालून, डाव्या जिन्यानं वर. तिचा आवाज ऐकून वेणू उजव्या जिन्यानं खाली. एक वर पोचली, तर दुसरी खाली. दोघी वळल्या. आता वेणू डाव्यानं वर आणि ठकू उजव्यानं खाली. दोन जिने करणाऱ्या राजाला त्या दिवशी त्या दोघींनी ज्या शिव्या घातल्या, त्या काही कहाणीत सांगण्याजोग्या नाहीत. शेवटी राजा सुषेणच वरून ओरडला, "एकीनं थांबा!"

वेणू थांबली. ठकू जिना चढून आली आणि तिच्यापुढं उभी राहिली.

"अक्का," ती म्हणाली.

उघड्या दारातून घुमटानं तेच म्हटलं. अक्का, अक्का.

ठकू तिच्या गळ्यात पडली. "अगं, रोज तुझ्यासमोर आले. चौदा वर्षं तुला मापून दूध घातलं गं मी. एक धार वरची घातली नाही."

"तू विचारायचीस तरी, किती घालू," वेणू म्हणाली. "दिवसात तेवढंच कुणी मला विचारायचं."

मग दोघी मनसोक्त रडल्या. राजानं तोंड दुसरीकडे केलं. पाठ फिरवूनही ती बाई आता त्याच्या लक्षात राहिली होती.

वेणूनं सगुणीला त्याच संध्याकाळी पहिली हळद लावली. हात धुवायचं कुणाला सुचलं नाही. तळव्याच्या रेघांत चुना तसाच होता, आणि चुन्याला हळद लागली की काय होतं ते प्रत्येक घरच्या बाईला ठाऊक आहे. नवरीच्या गालावर मावशीची पाच बोटं कुंकवासारखी लाल उमटली. बाया म्हणाल्या, असा शकुन कधी पाहिला नाही.

लग्न महालातच लागलं, न मावळणाऱ्या सूर्याखाली. पंगती डाव्या ओळीत बसल्या, आणि मग उजव्या ओळीतही बसवाव्या लागल्या. राजानं महाल वेणूच्या नावे करून दिला आणि दर वर्षी येईन म्हणाला. त्यानं शब्द पाळला.

पाहुणे गेले, दारं लागली. दालनं रिकामी होती तशी रिकामी झाली, आणि वेणू त्यांत एकटीच राहिली. चुलीशेजारचा तो कोपरा तिला मिळाला नाही तो नाहीच. आठवण आली की ती घुमटाखाली जाऊन आपलंच नाव मोठ्यानं म्हणे, आणि घर ते परत देई. सकाळी ठकू फाटकाशी येई, "अक्का, भांडं धर," म्हणे, आणि दूध काठावरून ओघळेपर्यंत ओती. खाली सांडलेलं पिवळं मांजर चाटून टाकी.

वेणूला जशी तिच्या माणसाची हाक आली, तशी ज्याची ज्याची कुणी वाट पाहत नाही, त्यालाही येवो. सांगणाऱ्याला येवो, ऐकणाऱ्याला येवो.